टॉवर आधी की गिऱ्हाईक आधी?

भाऊ, विदर्भातल्या खेड्यांत मोबाइल कसा पसरला यावर तुम्ही प्रोजेक्ट करताय, आणि टॉवर आधी आले की गिऱ्हाईक आधी, असं विचारलंय तुम्ही. माझं उत्तर: आधी पानठेला. यवतमाळ जिल्ह्यात एका मोबाइल कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरकडे बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो.

मे २००३ पर्यंत आलेल्या फोनचेही पैसे कटायचे. तोवर मोबाइल म्हणजे डॉक्टर आणि जिनिंगवाल्यांची चैन. इनकमिंग फुकट झालं आणि शेतकऱ्याला हिशेब पटला. आपण मिस कॉल मारायचा, पुण्याला कामाला गेलेला पोरगा परत फोन करणार. असल्या गिऱ्हाइकातून कंपनीला काय मिळतं, असं वाटेल. पण पोराचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल, तर ती कंपनी आपल्या कंपनीला दर मिनिटाला पैसे द्यायची, २००९ पासून २० पैसे. म्हणजे महिनोन्महिने रिचार्ज न करणारा म्हाताराही कमाई करून द्यायचा. ही गोष्ट प्रोजेक्टमध्ये ठळक लिहा, जाहिरातींना फार श्रेय देऊ नका.

उरलेलं काम दहा रुपयांच्या रिचार्जने केलं. कूपन छापणं, पोचवणं परवडेना. मग लापू सिम आलं, म्हणजे दुकानदाराने आपल्या फोनवरून गिऱ्हाइकाच्या नंबरावर बॅलन्स टाकायचं सिम, आणि ठेलेवाला खर्र्याबरोबर बॅलन्सही विकू लागला. नफा रुपयाला दोन-तीन पैसे, वर गिऱ्हाइकाची उधारी: "कापसाचे चुकारे आले का देतो." ती उधारी कंपनीच्या कुठल्याच कागदावर नव्हती, ठेलेवाल्याच्या वहीत होती. खेड्यातल्या धंद्याची खरी जोखीम त्यानेच उचलली.

टॉवरचं दुखणं डिझेलचं. भारनियमनात जनरेटरवर टॉवर चालवायचा, त्यात डिझेलची चोरी. २००७ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांनी मिळून इंडस टॉवर्स ही सामाईक टॉवरची कंपनी काढली. एका टॉवरवर दोघा-तिघांचे अँटेना लागले तेव्हा लहान गावांचा खर्च निघू लागला. गडचिरोलीला हे गणित लावू नका. तिथे नक्षलवाद्यांनी टॉवर जाळले, आणि आतल्या भागात मुख्यतः सरकारी पैशावर बीएसएनएलने उभारले.

जिओ २०१६ मध्ये आलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडून मिळणारे ते मिनिटाचे २० पैसे (मधे १४ झाले होते) ६ वर आले, २०२१ मध्ये शून्य. २०१८ च्या शेवटी जुन्या कंपन्यांनी सिम चालू ठेवायला किमान रिचार्ज लावलं, ते याच काळात. मिस कॉलवाला म्हातारा आता नकोसा झाला होता.

आकडे ट्रायच्या (दूरसंचार नियामक) अहवालांत मिळतील, पण त्यात विदर्भ वेगळा दाखवत नाहीत, मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा एकाच सर्कलमध्ये, म्हणजे परवान्याच्या विभागात. म्हणून एखाद्या जुन्या ठेलेवाल्याला गाठा आणि आषाढात किती बॅलन्स जायचा, दिवाळीनंतर कापसाचा पैसा आला का किती, ते विचारून घ्या.