लांबून हरीण मारायचंय तर आधी वेग बघ
अरे भाऊ, सगळे नुसतं बीसी बीसी (बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे बुलेट हवा किती सहज कापते त्याचा आकडा) करतात, बीसी जास्त असली की वाऱ्यात बुलेट कमी सरकते हे खरंय, पण हरणाला लागल्यावर ती फुलायला, म्हणजे आत पसरून रुंद व्हायला पण हवी ना, आणि ते वेगावर असतं. शिशाच्या गाभ्याच्या बऱ्याच बुलेटना सेकंदाला साधारण १८०० फूट तरी लागतात, निव्वळ तांब्याची असेल तर २००० धर. त्याखाली नुसतं बारीक भोक पडतं आणि जखमी जनावर पळतं, मग बस शोधत. क्रोनोग्राफवर नळीजवळचा वेग मोज, बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये टाक, ज्या अंतरावर वेग त्या १८०० किंवा २००० वर उतरतो तीच तुझी हद्द. ६.५ क्रीडमोर (रायफलच्या काडतुसाचा एक प्रकार) असेल तर १४० ग्रेन वजनाच्या आसपासची बुलेट पुरते. मॅच बुलेट, म्हणजे नेमबाजी स्पर्धेसाठीची, टार्गेटलाच ठेव, कितीही नेमकी लागू दे.