प्रतीक्षा यादीत नाव आहे म्हणून घर घ्यायचं थांबवावं का?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीत १४ हजार रुपये भाड्यानं राहणारं जोडपं. दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाख १० हजार, बचत ७ लाख ४० हजार. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीत अल्प उत्पन्न गटातल्या ४६ लाखांच्या घरासाठी नाव प्रतीक्षा यादीत लागलं आहे. दुसरीकडे कोकण मंडळाच्या ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ योजनेत २७ लाखांचं घर आत्ता मिळतंय, पण लांब आहे. यादीत नंबर येईपर्यंत थांबावं का?

थांबू नका. आधी ही यादी कशी सरकते ते पाहू, मग हिशेब.

पूर्वी कागदपत्रं सोडतीनंतर तपासली जायची. त्यात बरेच विजेते अपात्र ठरायचे आणि प्रतीक्षा यादी खाली सरकायची. २०२३ पासून नव्या संगणकीय प्रणालीत अर्जाच्या वेळीच पात्रता तपासली जाते, त्यामुळे तो रस्ता बराचसा बंद झाला. आता घर मोकळं होतं ते प्रामुख्यानं विजेत्यानं परत केल्यावर, आणि परत करण्याचं नेहमीचं कारण म्हणजे किंमत झेपत नाही किंवा कर्ज बसत नाही. म्हणजे तुमच्याच उत्पन्न गटातल्या माणसाला जे घर परवडलं नाही, तेच तुमच्यापुढे येणार. नंबर लागलाच तर आनंद करण्याआधी हे ध्यानात घ्या.

त्या ४६ लाखांचं गणित मांडू. ३० लाखांवरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ३६ लाख ८० हजार. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखामागे ८६८ रुपये हप्ता, एकूण जवळपास ३२ हजार. तुमच्या महिन्याच्या ६७,५०० पैकी ४७ टक्के! वर स्वतःचे ९ लाख २० हजार, मुंबईतलं ६ टक्के मुद्रांक शुल्क २ लाख ७६ हजार, नोंदणी ३० हजार. हाताशी सव्वाबारा लाख हवेत. जवळपास पाच लाख कमी पडतात. आणि देकारपत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं म्हाडाचं पत्र, आल्यावर मुदत मोजून मिळते: आधी २५ टक्के, मग उरलेले ७५ टक्के, सारं काही महिन्यांत. अशा वेळी लोक वैयक्तिक कर्ज काढून पहिला हप्ता भरतात आणि त्याच कर्जाच्या हप्त्यामुळे गृहकर्जाची पात्रता घटते. बँक कमी कर्ज मंजूर करते, घर परत करावं लागतं, वर भरलेल्या रकमेतून कपातही सोसावी लागते.

आता २७ लाखांचं घर. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात मर्यादा ९० टक्के. २४ लाख कर्ज घेतलंत तर हप्ता सुमारे २०,८०० येतो, उत्पन्नाच्या ३१ टक्के. स्वतःचे ३ लाख, मुद्रांक शुल्क ७ टक्के धरून १ लाख ८९ हजार, नोंदणी २७ हजार. मिळून सव्वापाच लाखांच्या आत. सव्वादोन लाख हाताशी राहतात, ते मोडू नका. घर फक्त पत्नीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, म्हणजे २७ हजार वाचतात. त्यासाठी मूळ अर्जही तिच्याच नावानं हवा. कर्जात तुम्ही सहकर्जदार राहू शकता.

कर्ज २५ लाखांच्या आत राहण्याचा आणखी एक फायदा आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधल्या व्याज अनुदानासाठी कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान, कमाल १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. पैसे उशिरा येतात, म्हणून खरेदीच्या हिशेबात ते धरू नका. ४६ लाखांच्या घराला यातला एक रुपयाही नाही. तुमचं उत्पन्न वर्षाला सहा टक्क्यांनी जरी वाढलं तरी दोन वर्षांत नऊ लाखांची रेघ ओलांडेल. मग हे अनुदानही गेलं आणि म्हाडाचा अल्प उत्पन्न गटही. थांबण्याची खरी किंमत ही आहे, भाडं वेगळंच.

एक सापळा सांगायला हवा. म्हाडा पाहते ते योजनेच्या शहरात तुमच्या दोघांच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावे घर आहे का एवढंच. केंद्राच्या योजनेत मात्र देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. गावच्या घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव वारस म्हणून चढलं असेल तर शपथपत्रावर सही करण्याआधी उतारा काढून बघा.

बुकिंग करण्याआधी बँकेकडून लेखी कर्जमंजुरी घ्या. सुट्टीच्या नव्हे, कामाच्या दिवशी सकाळच्या वेळी डोंबिवलीहून तिथवर एकदा प्रवास करून या, आणि इमारतीत राहायला आलेल्यांना पाण्याबद्दल विचारा. सोडतीत न विकता शिल्लक राहिलेल्या अशा घरांच्या मागे बहुधा अंतर किंवा पाणी यांपैकी एक कारण असतंच. रोजचा प्रवास दीड तासानं वाढणार असेल तर माझं उत्तर बदलेल. मग याच किमतीत कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातली वीस टक्के योजनेतली, म्हणजे खासगी बिल्डरांच्या प्रकल्पांत म्हाडामार्फत विकण्यासाठी राखून ठेवलेली, घरं शोधा.

सोडतीला अर्ज करत राहायचं असेल तर घर घेईपर्यंत जरूर करा. २०२४ च्या मुंबई सोडतीत २,०३० घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज होते, त्यामुळे अपेक्षा बेतानं ठेवा. अर्जात दोघांचंही उत्पन्न दाखवा. पत्नी विवरणपत्र भरत नसेल तर तहसीलदारांचा दाखला लागेल. अनामत परत येण्यासाठी दिलेलं बँक खातं चालू ठेवा, आयएफएससी कोड दोनदा तपासा. कोकण मंडळाचं घर ताब्यात आलं की पाच वर्षं ते विकता येणार नाही, हेही धरून चाला.