‘माझ्यानं होतच नाही’ म्हणत ग्राउंडवर उतरू नकोस

मिरजेहून एका पोरीनं लिहिलंय. वय 22, पोलीस भरतीची तयारी चालूय, गेल्या वेळी 800 मीटरमधे मार्क गेले आणि तिथंच यादीतून नाव गेलं. आता दुसरा राउंड सुरू झाला की डोक्यात ‘संपलं, माझ्यानं होतच नाही’ चालू होतं आणि पाय जड. घरी पप्पा म्हणतात, ती माणदेशातली ललिता बाबर बघ, 2016 ला रिओ ऑलिंपिकची फायनल धावली, आणि तुला दोन राउंड होईनात. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून रोज आरशासमोर ‘मी पोलीस झाले’ घोकतेय, तर रडूच येतंय. विचारतीय, आक्का, नुसत्या बोलण्यानं खरंच काय फरक पडतो का?

पडतो गं पोरी, पण आरशाचा नाद सोड. 2009 ला कॅनडातल्या संशोधकांनी बघितलं होतं, ज्यांचा स्वतःवर आधीच भरवसा कमी त्यांनी स्वतःबद्दल असं गोड गोड घोकलं की त्यांना उलट जास्त वाईट वाटतं. वाटणारच की, तुझं मन काय येडं आहे का, त्याला माहितीय निकाल लागलेला नाही.

आता दुसरं ऐक. 2014 ला इंग्लंड-वेल्सकडच्या संशोधकांनी 24 जणांना दमून थांबेपर्यंत सायकल मारायला लावली, मग निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी काय बोलायचं ते शिकवलं, आणि परत सायकलवर बसवल्यावर त्यांचा टिकायचा वेळ साधारण 18 टक्के वाढला, बाकीच्यांचा नाही. पाय तेच, फक्त तेवढ्याच कष्टाचा त्रास कमी वाटला.

तू स्वतःला निकाल सांगतीयस, त्यापेक्षा काम सांग. पहिल्या राउंडला ‘खांदे ढिले, घाई नको’. पाचशेच्या पुढं, जिथं तुझं रडगाणं सुरू होतं तिथं, ‘पुढचीच्या पाठीवर नजर, हात मार’. ‘मी’ म्हणण्यापेक्षा स्वतःला नावानं हाक मारून सांग, टेन्शनमधे त्यानं डोकं ताळ्यावर राहतं. वाक्यं तुझी तूच ठरव, मिरजेच्या भाषेत, शिवी आली तरी चालेल. पण रोजच्या प्रॅक्टिसला वापर, भरतीच्या दिवशी पहिल्यांदा आठवून काय उपयोग नाही.

आणि हे सगळं मेहनतीच्या वरचं, तिच्या बदल्यात नव्हे. 800 मीटरला 20 पैकी 20 मार्क पाहिजेत तर 2 मिनिटं 50 सेकंदांत यायला लागतं, त्याला 400 चे रिपीट, म्हणजे जोरात 400 मीटर, जरा दम खायचा, परत 400, मारायलाच लागतात. एकदा हिमोग्लोबिन पण तपासून घे, पोरींचं ते कमी असतं आणि आपण बसतो मनाला दोष देत.

पप्पांशी भांडू नकोस. त्यांना सकाळी ग्राउंडवर ने, हातात स्टॉपवॉच दे, आणि दर 200 ला फक्त सेकंद ओरडायचे म्हणून सांग, बाकी एक शब्द नाही. ललिता बाबरचं नाव काढलं तर त्यांनाच एक राउंड मारायला लाव. महिन्याभरानं टाइम किती आला ते कळव.