युनियननं सही केली, भत्ता आमचा गेला

प्रश्न : ताई, मी उजळाईवाडीचा, मुंबईत एका एअरलाइनमधे लोडर हाय. कंपनी तोट्यात म्हणून आमच्या युनियनच्या नेत्यांनी नवीन करारावर सही करून टाकली, नाइट अलाउन्स बंद, ओव्हरटाइम कमी, आणि आम्हाला कळालं ते नोटीस बोर्डावर ओ. विचारलं तर म्हणतात नोकऱ्या वाचवल्या. वर्गणी बंद करू का?

उत्तर : भाऊ, राग बरोबरच आहे, पण वर्गणी बंद करू नका, मेंबर राहिलात तरच जाब विचारता येतो आणि हिशेबाच्या वह्या बघायचा हक्कही मेंबरलाच असतो. आधी कराराची कॉपी मागा. करार समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, झाला असेल तर तो सगळ्या कामगारांना लागू होतो, मेंबर नसलेल्यांनाही. एअरलाइन केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळं केंद्रीय लेबर कमिशनरकडं जा, राज्याच्या ऑफिसात हेलपाटे नकोत.

आपल्याकडं करारावर मेंबरांचं मतदान घ्यायची कायद्याची सक्ती नाही, मला हे फार खटकतं. अमेरिकेत जुलै २०२५ मधे युनायटेड एअरलाइन्सच्या केबिन क्रूनं नेत्यांनी आणलेला करार ७१ टक्के मतांनी फेटाळला. तिथंच २००३ मधे अमेरिकन एअरलाइन्सच्या कामगारांनी मोठी पगारकपात मान्य केली आणि मग साहेबांच्या बोनसची गोष्ट बाहेर आली, सीईओला राजीनामा द्यावा लागला. म्हणून तुमच्या साहेबांचं काय कापलं तेही विचारा.

सह्या गोळा करा, सर्वसाधारण सभेची लेखी मागणी द्या आणि पोच घ्याच, पुढचा करार मतदानाशिवाय होणार नाही अशी दुरुस्ती युनियनच्या घटनेत मांडा.