पंप बदलला, टॅग नंबर तोच. मग नोंद कोणाची?

प्रश्न : मी एका रसायन कारखान्यात देखभाल विभागात आहे. आमच्या पी-१०१ पंपाचे मेकॅनिकल सील (शाफ्टभोवतीची गळती रोखणारा भाग) दीड वर्षात चार वेळा बदलावे लागले. मध्यंतरी पंपही बदलला, पण संगणकात सगळी नोंद एकाच नावाखाली आहे. सल्लागारांनी ‘ऑन्टॉलॉजी मॉडेल’ करायला सांगितले आहे. हे तत्त्वज्ञानातले प्रकरण कारखान्यात कशाला?
— एक वाचक, रायगड

उत्तर : चार वेळा सील बदलले ते नेमक्या कोणत्या पंपाचे, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही आणि अडचण तीच आहे. पी-१०१ हा टॅग नंबर म्हणजे आराखड्यातील एका जागेचे, खरे तर तिथल्या कामाचे नाव आहे. त्या जागी आज बसवलेले यंत्र सिरियल नंबरवरून ओळखले जाते आणि ते उद्या वर्कशॉपमध्ये जाऊन परवा दुसऱ्याच फाउंडेशनवर बसू शकते. जगात कोणकोणत्या वस्तू आहेत आणि त्यांची नाती काय, हा सत्ताशास्त्राचा, म्हणजेच ऑन्टॉलॉजीचा प्रश्न. अभियांत्रिकीत त्याचे उत्तर संगणकाला वाचता येईल अशा काटेकोर व्याख्यांत लिहितात, एवढेच.

नवे यंत्र बसवल्यावरही त्याच जागी सील गळत असेल, तर संशय सक्शन लाइन (पंपात द्रव आणणारा पाइप), कॅव्हिटेशन (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणे) किंवा पाइपच्या ताणावर जातो. काढलेले यंत्र दुसरीकडेही सील खात असेल, तर त्याचा शाफ्ट आणि बेअरिंग तपासावे लागतात. एकत्रित नोंदीवरून हे दोन्ही ओळखता येत नाही. तेल-वायू आणि प्रक्रिया उद्योगासाठीच्या आयएसओ १५९२६ मानकाच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात म्हणूनच जागा आणि यंत्र वेगळे धरले आहेत, आणि अमुक यंत्र अमुक जागी किती काळ होते, हा कालखंडही नोंदता येतो.

‘भाग’ हा शब्दही जपून वापरावा. इंपेलर, म्हणजे द्रव ढकलणारे आतले फिरते चक्र, पंपाचा घटक आहे, मोटार कपलिंगने जोडलेली आहे आणि द्रव आत फक्त सामावलेला आहे; तिन्ही नात्यांना एकच नाव दिले, तर सुट्या भागांच्या यादीत संगणक ॲसिडही दाखवील.

घटक बदलल्यावर यंत्र तेच राहते का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. अवयव गेला की जुना अवयवी (अवयवांची बनलेली अख्खी वस्तू) नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असे वैशेषिक दर्शनाचे तत्त्वज्ञ मानतात. तो नियम लावला, तर प्रत्येक सीलमागे नव्या पंपाची नोंद करावी लागेल, जे कोणत्याच स्टोअरला परवडणार नाही. केसिंग, म्हणजे पंपाचे बाहेरचे कवच, बदलेपर्यंत यंत्र तेच मानावे, असे माझे मत आहे. तुम्ही वेगळी रेघ ओढलीत तरी चालेल, मात्र ती सर्व विभागांत एकच हवी.

यासाठी लगेच महागडे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. जागांची एक यादी, यंत्रांची दुसरी आणि दोन्ही तारखांनिशी जोडणारी तिसरी, एवढे एक्सेलमध्येही होते. त्या चार जॉब कार्डांवर सिरियल नंबर लिहिलेले असतील, तर आधी ती काढून बघा.