आधी सिन्नरला नकार कळव

"ताई, मी २९ वर्षांचा. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सिडकोत आईबाबा आणि धाकट्या बहिणीबरोबर राहतो. मुलींबद्दल मला तसं कधी वाटलंच नाही. रात्री सगळे झोपले की इअरफोन लावून 'चेरी मॅजिक' ही जपानी मालिका बघतो. एकाच ऑफिसातले दोन पुरुष प्रेमात पडतात, त्यांची गोष्ट. माझ्या हाताखालचा एक मुलगा मला फार आवडतो. रविवारी आम्ही गंगापूर रोडला मिसळ खायला जातो, तेव्हा तो स्वतःचा पापड मोडून अर्धा माझ्या ताटात ठेवतो. मार्चमध्ये त्याचं कन्फर्मेशन आहे, फॉर्मवर सही माझी लागते. मालिकेतल्यासारखं त्याला सांगून टाकू का? घरी सिन्नरचं स्थळ आलंय, पत्रिकाही जुळली, दिवाळीनंतर बघायला जायचंय. तो 'हो' म्हणाला तर घरी सांगेन. 'नाही' म्हणाला तर गपचूप लग्न करून टाकीन."
– एक वाचक, सिडको

मित्रा, तुझ्या शेवटच्या वाक्याची मला काळजी वाटते. एका मुलीचं अख्खं आयुष्य तू एका मुलाच्या उत्तराला बांधून ठेवलंयस, आणि त्या दोघांनाही याचा पत्ता नाही. तो 'नाही' म्हणाला म्हणून तुला बायको हवीशी वाटणार आहे का? तसं कधी वाटलंच नाही, हे तूच लिहिलंयस. अशा लग्नातल्या बायकांची पत्रं मला येतात. नवरा स्वभावानं चांगला आहे, मारत नाही, पितही नाही, मग जवळ का येत नाही? रंग, वजन, कपडे, त्या स्वतःतच खोट काढत बसतात. खरं कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सिन्नरच्या त्या मुलीच्या वाट्याला हे येऊ देऊ नकोस.

म्हणून नकार आधी, आणि तो याच आठवड्यात. कांदेपोहे खाऊन आल्यावर दिलेला नकार त्या घराला जास्त लागतो. आईबाबांना एवढंच सांग, "मला लग्न करायचं नाही, मी बघायला येणार नाही, त्यांना तसं कळवा." कारण आत्ताच सांगितलं पाहिजे असं नाही. आई रडेल, मामा समजवायला येतील, "कुणी आवडते का" हेही विचारतील. ठाम राहा. पूर्ण खरं सांगायची तयारी होईल तेव्हा बहिणीपासून सुरुवात कर, ती तुला जवळची असेल तर. आणि उद्या कुणी "डॉक्टरकडे नेऊन बरा करू" म्हणालं, तर हे माहीत असू दे : जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली आणि आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या 'उपचारां'ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. रात्री फार जड वाटलं तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन कर, मोफत आहे. पुण्यात समलिंगी लोकांसाठी काम करणारी समपथिक ट्रस्ट ही संस्था आहे, तिथली माणसं मराठीत बोलतात.

आता त्या मुलाचं. ती मालिका २०२० ची, आणि तुला ती का धरून ठेवते ते कळतं मला. त्यात मारामारी नाही, कुणाला हसणं नाही, एका स्टेशनरी कंपनीतली दोन साधी माणसं आहेत. पण तिची सगळी गंमत एका जादूवर उभी आहे. तिशी गाठताच त्यातल्या अदाचीला स्पर्शातून समोरच्याच्या मनातलं ऐकू येऊ लागतं. भरल्या लिफ्टमध्ये ऑफिसातल्याच कुरोसावाचा धक्का लागतो आणि कळतं, हा आपल्यावर प्रेम करतो. पहिलं पाऊल टाकायच्या आधीच अदाचीला उत्तर ठाऊक असतं. तुला ते नाही. पापडाचा अर्धा तुकडा म्हणजे प्रेम असेल, नाहीतर निव्वळ दोस्ती असेल. आपल्याकडे मित्र एकमेकांच्या ताटात हात घालतातच.

आणि कुरोसावाच्या हातात अदाचीच्या नोकरीचा कागद नव्हता, तुझ्या हातात आहे. मार्चच्या आधी तू विचारलंस तर तो पोरगा मनापासून 'नाही' कसं म्हणेल? 'हो' म्हणाला तरी ते सहीसाठी होतं की तुझ्यासाठी, हे तुला कधीच कळणार नाही. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रार करणाऱ्या बाईसाठी आहे, पुरुषाला त्याखाली तक्रार करता येत नाही. त्याच्या कंपनीच्या नियमांत काही सोय असली तर असली, नाहीतर त्यानं कुणाकडे जायचं? म्हणून जबाबदारी तुझी. त्याचं रिपोर्टिंग दुसऱ्याकडे जात असेल तर बघ, नाहीतर कन्फर्मेशनचं पत्र त्याच्या हातात पडेपर्यंत कळ काढ. जड जाईल, पण काढ.

मग एकदा, कंपनीच्या बाहेर, गर्दीत नाही आणि अगदी एकांतातही नाही, गोदापार्कला फिरताना सरळ सांग. "मला तू आवडतोस, मित्रापेक्षा जास्त. तुला तसं वाटत नसेल तर नाही म्हण, कामात काही बदलणार नाही." व्हॉट्सअॅपवर लिहू नकोस, स्क्रीनशॉट फिरायला वेळ लागत नाही. तुम्हा दोघांचं नातं गुन्हा नाही, सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ लाच ते स्पष्ट केलंय. लग्नाला मात्र २०२३ च्या निकालानं मान्यता मिळाली नाही, तेही मनाशी असू दे.

'नाही' आलं तर पुन्हा विचारायचं नाही. रविवारी यायचं की नाही, ते तो ठरवेल. 'हो' आलं तर कंपनीत आणि घरी कुणाला, कधी सांगायचं ते दोघं मिळून ठरवा. तोवर त्याचं नाव तू कुणापाशीही काढू नकोस, बहिणीपाशीही नाही.

– ताई