रविवारची सेवा की पूर्णवेळ पेशा?

प्रश्न : मुलगा बी.कॉम. झाला. वर्षभर दर रविवारी इथल्या बालगृहात गणित शिकवायला जातो. तिथल्या वाढदिवसांचे फोटो स्टेटसला ठेवतो, लोक कौतुक करतात. आता बँकेच्या परीक्षा सोडून म्हणतो, ‘अत्याचार झालेल्या मुलांसोबत कोर्टात उभं राहायचंय.’ यात पोट भरतं का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी ते फोटो आजच काढायला लावा. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही, फोटोसुद्धा, प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता, हे तिथे चालत नाही.

तो म्हणतोय ते काम खरंच आहे. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांत हे काम करणाऱ्याला ‘सपोर्ट पर्सन’ म्हणतात. मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने बाल कल्याण समिती अशी व्यक्ती नेमते. ती वकिली करत नाही. तारीख कधी आहे, कोर्टात काय होणार, हे ती मुलाला समजेल अशा भाषेत सांगते. दवाखाना, पोलीस ठाणे, शाळा असं सगळीकडे सोबत असते. पॉक्सोत आरोपीच्या वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात, ते न्यायाधीशांमार्फत जातात. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय करता येते. ही माहिती साक्षीच्या आदल्या दिवशी नीट सांगितली, तर मुलाची निम्मी भीती जाते. घरचे मात्र बहुतेकदा स्वतःच गांगरलेले असतात. खटला एका वर्षात संपावा असं कायदा म्हणतो खरा, पण तारखा पुढे जातात. म्हणून दोन महिने उत्साहाने येऊन नंतर गायब होणारा ताई-दादा या मुलांना नको असतो. सोडून जाणारी माणसं त्यांनी आधीच पाहिलेली असतात. तुमचा मुलगा वर्षभर एकही रविवार चुकवत नसेल, तर माझ्या लेखी ते त्याच्या टक्केवारीपेक्षा मोलाचं आहे.

पण नुसत्या बी.कॉम.वर ही नेमणूक मिळत नाही. समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा बालविकासात पदव्युत्तर पदवी लागते, नाहीतर पदवी आणि मुलांच्या क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा अनुभव. रविवारची शिकवणी त्यात धरली जाईल, या भरवशावर राहू नका. माझं स्पष्ट मत, त्याने एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावी. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. टाटाचं तुळजापूरलाही केंद्र आहे. वाणिज्य शाखेची अडचण नाही.

पोटाचं म्हणाल तर बँकेइतकी निश्चिंती नाही, हे मुलालाही सांगा. सपोर्ट पर्सनला मानधनाची तरतूद आहे, पण त्यावर घर चालेल असं गृहीत धरू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षात बाल संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात, बहुतेक कंत्राटी. त्याखेरीज स्वयंसेवी संस्था आहेत.

आणि एवढं करून त्याने बँकच निवडली, तरी रविवार त्याचाच आहे. बालगृहात एखादं मूल आपणहून काही सांगू लागलं, तर ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सोने सक्तीचं केलंय. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही फोन करता येतो.

या आठवड्यात त्याला सांगलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात पाठवा. सपोर्ट पर्सनची नोंदवही तिथे असते. नोंदणीला काय लागतं ते विचारावं, आणि आधीपासून हे काम करणाऱ्या कुणाला भेटता येईल का, तेही.